ख्रिस्ती मुलींनी स्लीव्हलेस घालू नये असं बायबलमध्ये कुठे लिहिलंय का?

नाही. बाहीची लांबी बायबलात कुठेही नाही. तरी ‘तुमचं शरीर पवित्र आत्म्याचं मंदिर आहे’ हे वचन ऐकवून आमच्याकडे मुलींना गप्प करतात, म्हणून लिहायला बसले.

माझी भाची हॉस्टेलवरून सुट्टीला आली होती. प्रभुभोजनाचा रविवार, म्हणजे येशूच्या आठवणीत रांगेने भाकर आणि द्राक्षरस घेण्याचा. अंगात बिनबाह्यांचा सुती कुर्ता, बंद गळ्याचा, खाली सलवार. रांगेत मंडळीतल्या एका ज्येष्ठ बाईंनी तिला दंडाला धरून बाजूला घेतलं, आपली शाल तिच्या खांद्यावर टाकली आणि चार बाकांना ऐकू जाईल असं हेच वचन म्हणाल्या. पोर भाकर न घेताच परत येऊन बसली. बाईंच्या हातात पाटल्या, गळ्यात मोहनमाळ.

उपासना सुटल्यावर मी त्यांना पायरीवरच गाठलं. म्हटलं, बाई, हे वचन बायबलात जिथे आहे तो करिंथकरांस पहिल्या पत्राचा सहावा अध्याय पूर्ण वाचा. पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे वेश्येकडे जाणाऱ्यांना खडसावतोय. ‘आम्हाला सगळ्याची मोकळीक आहे’ म्हणणाऱ्यांना तो सांगतो, देह प्रभूसाठी आहे, तुम्ही मोल देऊन विकत घेतलेले आहात. कपड्यांचं नावही नाही. कपड्यांचं वचन तीमथ्याच्या पहिल्या पत्रात, २:९. त्यात मर्यादा सांगितलीय, पण नको म्हटलंय ते केस गुंफणं, सोनं, मोती आणि भारी वस्त्रं. म्हणजे श्रीमंतीचा थाट. आणि वाईट नजरेचा विषय निघाला तेव्हा येशूने बघणाऱ्यालाच डोळा उपटून टाक म्हटलं, मत्तय ५:२९. बाईला पदर सावर म्हटलं नाही.

त्या म्हणाल्या, “शिकलेल्या बायका वचन फिरवतात.”

मर्यादेला माझा विरोध नाही, हेही सांगते. मी स्वतः प्रार्थनेला डोक्यावर पदर घेते, कोणी न सांगता. देह पवित्र आहे म्हणूनच त्याला असं चारचौघांत धरून ओढू नये. मी प्रोटेस्टंट आहे. कॅथलिकांच्या धर्मशिक्षणग्रंथातही, परिच्छेद २५२४, शालीनतेचं रूप संस्कृतीप्रमाणे बदलतं असंच म्हटलंय.

तुम्हाला कोणी अडवलं तर सरळ पाळकांकडे, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंकडे जा. विचारा, अंगभर सोनं घालून आलेल्या कोणाला प्रभुभोजनापासून कधी थांबवलंत का? मी विचारलं होतं. ते म्हणाले, “पुढच्या वेळी मुलीला ओढणी आणायला सांगा.” मी सांगितलं नाही.