वाचकांचे प्रश्न : कपाशीच्या ओळीतला ट्रॅक्टर

प्रश्न : नांगरटीला मोठा ट्रॅक्टर उत्तम चालतो, मग कपाशीच्या कोळपणीला (ओळींमधले तण काढायला) वेगळा छोटा ट्रॅक्टर कशासाठी घ्यायचा? (एक शेतकरी, चोपडा तालुका)

उत्तर : ही अडचण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतही आली होती. 1917 पासून बनणारा फोर्डसन ट्रॅक्टर नांगरटीत उपयोगी ठरला, परंतु त्याची बांधणी ठेंगणी असल्यामुळे उभ्या पिकात तो निरुपयोगी होता. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने 1924 मध्ये आणलेल्या फार्मॉल ट्रॅक्टरचा मागचा आस उंच होता आणि पुढची जोडचाके एकमेकांना चिकटून असल्याने ती दोन ओळींमधून जात. मात्र ओळ पाहताना चालकाला समोरचे इंजिन आड येई. बैलांमागून चालत कोळपणाऱ्याला हा त्रास नव्हता. म्हणून 1939 च्या ‘फार्मॉल ए’मध्ये इंजिन डावीकडे व बसण्याची जागा उजवीकडे सरकवली गेली, तर 1948 च्या ‘अ‍ॅलिस-चाल्मर्स जी’मध्ये इंजिनच चालकाच्या पाठीमागे नेल्यामुळे कोळप्याची पास (तण कापणारे पाते) थेट त्याच्या नजरेसमोर आली. आपण खरेदीपूर्वी अश्वशक्तीपेक्षा चाकांमधील अंतर आपल्या ओळींच्या अंतराशी जुळवता येते का आणि वाढलेली कपाशी आसाखालून न मोडता जाते का, हे शेतातच पाहावे.