कडा मोज, मग बोलू

अगं, तुझा मेल वाचला. मॉलिब्डेनम डायसल्फाइडचे, म्हणजे पाण्यातून विजेने हायड्रोजन काढायच्या तुझ्या कॅटलिस्टचे (क्रिया वेगाने घडवणाऱ्या पदार्थाचे), एका थराचे त्रिकोण मस्त वाढलेत, फोटो बघून खरंच आनंद झाला. पण ते अजून मोठे करायच्या मागे लागू नकोस. हायड्रोजन बनवायचं काम त्या सपाट भागावर जवळजवळ होतच नाही, तिथल्या प्रत्येक सल्फरला तीन मॉलिब्डेनम धरून असतात त्यामुळे हायड्रोजन त्याला नीट चिकटतच नाही, जे काय होतं ते कडेला, जिथे बंध अपुरे राहिलेत तिथे.

२००५ मध्ये डेन्मार्कच्या लोकांनी हे गणिताने सांगितलं होतं, की कडेवर हायड्रोजन फार घट्टही बसत नाही आणि फार सैलही नाही. मग २००७ चा प्रयोग आला, तो पेपर तू नीट बसून वाचच. सोन्यावर याच पदार्थाची बारीक बेटं वाढवली, काही ४०० तर काही ५५० डिग्रीला तापवून त्यांचा आकार बदलला, एसटीएमखाली (अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाखाली) घेर मोजला, आणि निघालं काय तर अॅक्टिव्हिटी, म्हणजे हायड्रोजन बनायचा वेग, क्षेत्रफळावर नाही, कडेच्या एकूण लांबीवर चालते! मला अजूनही तो ग्राफ फार आवडतो. डिझेलमधला सल्फर काढणाऱ्या रिफायनरीतल्या कॅटलिस्टमध्येही हेच, त्यात मिसळलेला कोबाल्ट जाऊन बसतो तो कडेलाच.

म्हणून त्रिकोण छोटे कर, नाहीतर थरांना भोकं पाड. थर एकावर एक रचून कडा वाढवशील तर एक लक्षात ठेव, एका थरातून दुसऱ्यात इलेक्ट्रॉन सहज जात नाही, वरच्या थरांच्या कडा असून नसल्यासारख्या होतात.

आता तुझ्या त्या व्होल्टेज-करंटच्या कर्व्हबद्दल, जो सायकलिंग केल्यावर (व्होल्टेज पुन्हा पुन्हा वरखाली फिरवल्यावर) सुधारत चाललाय. काउंटर इलेक्ट्रोड, म्हणजे सॅम्पलसमोरचा दुसरा इलेक्ट्रोड, प्लॅटिनमचा आहे ना? अॅसिडमध्ये तो थोडा थोडा विरघळतो आणि तुझ्याच सॅम्पलवर येऊन बसतो, मग टाफेल स्लोप (करंट दहापट करायला लागणारा जादा व्होल्टेज) ३० मिलिव्होल्टकडे, प्लॅटिनमच्या आकड्याकडे, सरकायला लागतो, म्हणजे ते काम प्लॅटिनमचं असण्याची दाट शक्यता आहे, तुझ्या कडांचं नाही. त्याच्या जागी ग्राफाइटची कांडी लाव, सेल आणि इलेक्ट्रोलाइट दोन्ही नवीन घे, जुन्या सॅम्पलचं एक्सपीएस (पृष्ठभागावरची मूलद्रव्यं ओळखणारी क्ष-किरण चाचणी) करून प्लॅटिनमचा पीक शोध. गाइडना हे आजच सांग, घाबरू नकोस, पेपर पाठवायच्या आधी कळलं ते बरंच झालं.

ग्राफाइटवरचा डेटा आला की करंट भागिले कडेची लांबी असा प्लॉट काढून मला पाठव, रात्री उशिरा पाठवलास तरी चालेल.