गोव्यात फ्लॅटमध्ये राहून घरातला कचरा कमी करायचा, तर सुरुवात कुठून करावी?

आपला प्रश्न असा आहे की, नोकरीनिमित्त आपण दोघे म्हापशाला दुसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आला आहात, दिवसभर कामावर असता, अंगण नाही. अशा घरातून बाहेर जाणारा कचरा कमी कसा करावा, आणि एका घराने हे केल्याने काही फरक पडतो का? मीही म्हापशातच, अशाच एका इमारतीत राहतो. माझे मत स्पष्ट आहे: पहिले काम ओला कचरा घरातच जिरवण्याचे, बाकी सगळे त्यानंतर. बांबूचे ब्रश, स्टीलच्या नळ्या असल्या वस्तूंच्या खरेदीपासून सुरुवात करू नये. धडधाकट प्लास्टिकची बरणी टाकून तिच्या जागी काचेची आणली, तर त्या दिवशी कचऱ्यात एका बरणीची भरच पडते.

ओल्या कचऱ्यावर माझा एवढा भर का, ते सांगतो. आपल्या शहरांतल्या घरगुती कचऱ्यात साधारण निम्मा वाटा भाजीची देठे, फळांच्या साली आणि उरलेले अन्न यांचा असतो. हा भाग पिशवीत कोंडून ढिगाऱ्यात गेला की हवेवाचून कुजतो आणि त्यातून मिथेन हा ज्वलनशील वायू सुटतो. मडगावजवळच्या सोनसोड्याच्या कचऱ्याच्या ढिगाला २०१९ साली लागलेली आग कितीतरी दिवस धुमसत होती आणि आसपासच्या लोकांना तो धूर सोसावा लागला. शिवाय आमटीत भिजलेला कागद कोणताही भंगारवाला घेत नाही. ओले आणि सुके एकदा मिसळले की सुक्याचीही किंमत जाते, आणि ते सगळे कोणाला तरी हाताने निवडावे लागते. आपल्या जवळचा साळगावचा कचरा-प्रक्रिया प्रकल्प २०१६ साली सुरू झाला तेव्हा त्याची क्षमता दिवसाला १०० टन होती. ती पुढे २५० टनांवर न्यावी लागली. फरक पडतो का, या आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर म्हणूनच 'पडतो' असे आहे: ज्या घराचा ओला कचरा बाहेर पडत नाही, त्या घराचा सुका कचरा कोरडा, स्वच्छ आणि कोणाच्या तरी उपयोगाचा राहतो.

आता प्रत्यक्ष कृती. वीस लिटरची जुनी रंगाची बादली स्वच्छ धुऊन घ्यावी, तिच्या तळाला आणि कडेला तापवलेल्या सळईने भोके पाडावीत आणि ती एका ताटलीत दोन विटांवर ठेवावी. तळाशी चार बोटे सुका पालापाचोळा किंवा काथ्याचा भुसा, त्यावर बारीक चिरलेला दिवसाचा ओला कचरा, आणि त्यावर पुन्हा निदान तेवढाच पालापाचोळा. विरजण म्हणून सुरुवातीला मूठभर जुने शेणखत किंवा थोडे आंबट ताक घालावे. दोन-चार दिवसांनी काठीने खालीवर करावे. रात्रीची भांडी घासून झाल्यावर याला पाच मिनिटेही लागत नाहीत, म्हणून दोघेही कामावर असणे ही माझ्या मते अडचण नाही. परीक्षा अशी की, आतला माल मुठीत घेऊन दाबावा: गोळा व्हावा, पण बोटांमधून पाणी गळता कामा नये. पाणी गळले तर आणखी पाने घालावीत. गोळा मोडून भुगा झाला तर थोडे पाणी शिंपडावे. घाण वास येऊ लागला, तर ओलावा जास्त आणि हवा कमी, एवढाच त्याचा अर्थ असतो. कधी राखाडी, चपट्या अळ्या दिसतील. त्या बहुधा एका निरुपद्रवी माशीच्या असतात आणि अन्न भराभर संपवतात, म्हणून त्यांना औषध मारू नये. बादली भरली की झाकून बाजूला ठेवावी आणि दुसरी सुरू करावी. दोन-तीन महिन्यांत पहिलीतून मातीचा वास येणारे काळे खत निघते.

खरी कसोटी पावसाळ्यात लागते. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवेतच इतका दमटपणा असतो की बादली आपोआप ओली होत जाते, आणि नेमके तेव्हाच सुके पान कुठे मिळत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पुरुमेंताचा, म्हणजे पावसाळ्यासाठीच्या साठवणीचा, बाजार भरतो. सोले (आमसुले), चिंच, मिरच्या, सुकी मासळी अशी पावसाळ्याची बेगमी घरोघर होते. त्याच वेळी पातेऱ्याचीही, म्हणजे सुक्या पानांचीही, बेगमी करावी, असा माझा आग्रह आहे. फेब्रुवारीपासून आंबा, फणस, काजू यांची पाने रस्त्याकडेला पडतात, झाडून गोळा केली जातात आणि दुर्दैवाने बहुतेक जागी पेटवून दिली जातात. इमारतीत झाडलोट करणाऱ्या माणसाला सांगून ठेवले, तर तो आनंदाने दोन-तीन पोती भरून देतो. ती पोती जिन्याखाली कोरड्यात ठेवली की चवथीपर्यंत, म्हणजे गणेशचतुर्थीपर्यंत, चिंता उरत नाही, आणि तेवढा धूरही टळतो.

मासळीचा प्रश्न आपण विचारलेला नाही, पण गोव्यात राहायला आलात म्हणजे तो येणारच. खवले आणि आतडी फ्लॅटमधल्या बादलीत घालू नयेत. बाजारातच मासळी साफ करून घ्यावी, कारण तिथला तो कचरा निदान एकाच जातीचा आणि एकाच जागी असतो. सुंगटांची (कोळंबीची) साले मात्र बादलीत चालतात. ती धुऊन, बादलीच्या मधोमध गाडून, वर भरपूर पाने घालावीत. नारळाची सोडणे (वरची काथ्याची साले) आणि करवंट्या बादलीत वर्षानुवर्षे तशाच राहतात. करवंटीचे तुकडे कुंडीच्या तळाशी घालावेत, आणि सोडणे कोणाकडे न्हाणीची चूल असेल तर तिथे द्यावीत. त्या चुलीत प्लास्टिक मात्र कधीही जाऊ देऊ नये. पाणी तापवताना दुधाची पिशवी आणि वेफरचे पाकीट सहज आत सरकवणारी घरे मी पाहिली आहेत; तो धूर घरातल्याच माणसांच्या फुप्फुसात जातो, आणि पीव्हीसी हे प्लास्टिक जळाले तर त्यातून डायऑक्सिनसारखी घातक द्रव्येही सुटतात.

सुका कचरा मुळात घरात येऊच नये, यासाठी गोव्याइतकी सोयीची जागा दुसरी मला ठाऊक नाही. सकाळ-संध्याकाळ पोदेर, म्हणजे पाववाला, सायकलवरून भोंगा वाजवत दारात येतो आणि टोपलीतले उंडे आणि पोळी हे गोव्याचे पाव आपल्या कापडी पिशवीत देतो. तरीही लोक दुकानातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला स्लाइस ब्रेड आणतात, याचे मला फार वाईट वाटते. मासळीसाठी झाकणाचा स्टीलचा डबा न्यावा, मासळीवाल्या बायका त्यातच मासे घालून देतात. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात कडधान्ये, मिरच्या, मसाले सुटे मिळतात. पुरुमेंताला वर्षाचे सामान एकदम घेतले, तर छोट्या पाकिटांचा मोठा भाग गळतो. ही चकचकीत, अनेक पदरांची पाकिटे बहुधा पुन्हा वापरात येत नाहीत. गोव्यातले असले प्लास्टिक गठ्ठे बांधून कर्नाटकातल्या सिमेंटच्या भट्ट्यांत जाळायला पाठवावे लागते.

पिशव्यांबद्दल एक गैरसमज दूर करावासा वाटतो. ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिकच्या पिशव्यांना देशभर बंदी आहे. याचा अर्थ जाड पिशवी चांगली असा होत नाही, ती अनेकदा वापरली जावी एवढाच हेतू आहे. 'विघटनशील' असे छापलेली पिशवीही घरच्या बादलीत विरघळत नाही, तिला कारखान्यातली उष्णता लागते. जुन्या साडीची किंवा चादरीची पिशवी शिवून घेणे यापेक्षा बरे. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा पूर्ण तोडू नये, चीर देऊन तो लटकता ठेवावा. सुटलेला तुकडा हमखास गटारात जातो आणि तिथून खाडीतल्या तिवरांच्या मुळांशी अडकतो. पिशवी धुऊन, वाळवून साठवली की भंगारवाला घेतो. फुटलेली काच जाड कागदात गुंडाळून, वर तसे लिहून द्यावी. सॅनिटरी नॅपकिन आणि डायपर वेगळे गुंडाळून द्यावेत. जमत असेल तिथे मासिक पाळीचा कप किंवा कापडी पॅड वापरल्यास हा भाग जवळजवळ नाहीसा होतो.

चवथीला आपण इथेच असाल, तर मूर्ती चिकणमातीची घ्यावी. प्लास्टर ऑफ पॅरिसची मूर्ती पाण्यात नीट विरघळत नाही, आणि सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून बंदी आहे. आपल्याकडची माटोळी, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगायची सजावट, तर रानातली फळे, फुले आणि नारळ-सुपारी यांचीच असते. ती बांधायला पूर्वीसारखे केवणी या रानझाडाच्या सालीचे दोर वापरले आणि नायलॉनची सुतळी टाळली, तर विसर्जनानंतर खाता न येणारे सगळे बादलीत किंवा झाडाच्या बुंध्याशी जाऊ शकते. निर्माल्यातले दोरे तेवढे आधी काढून टाकावेत.

बादलीतून निघालेले खत फ्लॅटमध्ये कुठे वापरावे, हा प्रश्न लवकरच पडेल. खिडकीतल्या मिरची, अळू आणि कढीपत्त्याच्या कुंड्यांना मूठ-मूठ पुरते. इमारतीच्या आवारात माड असेल, तर उरलेले पावसाच्या सुरुवातीला त्याच्या आळ्यात घालावे. अगोदर मालकाला किंवा सोसायटीच्या सचिवांना विचारावे, म्हणजे पोती ठेवायला जिन्याखालची जागा मागणेही सोपे जाईल.