वाचकांचे प्रश्न : सेटिंग फाइलीत बरोबर, प्रोग्रामात मात्र चूक

प्रश्न : आमच्या पतसंस्थेच्या वेब ॲप्लिकेशनमध्ये पोस्टग्रेस डेटाबेसचा पासवर्ड सेटिंगच्या फाइलीत थेट लिहिलेला होता. ती फाइल गिटमध्ये (कोडचे सगळे बदल जपून ठेवणाऱ्या प्रणालीत) गेली. आता पासवर्ड काढून नवा कमिट, म्हणजे बदलाची नवी नोंद, केला आहे. एवढ्याने भागेल का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : नाही. गिटच्या आधीच्या कमिटमध्ये तो पासवर्ड जसाच्या तसा आहे आणि ज्यांनी ज्यांनी रिपॉझिटरी (कोडचा साठा) क्लोन केली, म्हणजे तिची प्रत घेतली, त्यांच्या मशिनवरही आहे. त्यामुळे इतिहास साफ करायच्या आधी पासवर्ड निकामी करा. बरेच जण उलट्या क्रमाने जातात आणि साफसफाई चालू असताना जुना पासवर्ड दिवसभर चालू राहतो.

ॲप बंद न पाडता हे करता येतं. डेटाबेसमध्ये दुसरा युजर तयार करा आणि ग्रँट ही अधिकार देणारी कमांड वापरून त्याला जुन्या युजरचा सदस्य करा, म्हणजे जुन्याचे अधिकार त्याला मिळतात. त्याचा पासवर्ड पीएसक्यूएलमध्ये (पोस्टग्रेसला कमांड देण्याच्या प्रोग्राममध्ये) बॅकस्लॅश देऊन ‘पासवर्ड’ या कमांडने ठेवा. ऑल्टर रोलच्या ओळीत पासवर्ड हाताने टाइप केला, तर तो पीएसक्यूएलच्या हिस्टरीत राहतो आणि सर्व्हरच्या लॉगमध्येही जाऊ शकतो. मग ॲपला नवा युजर द्या. चालू कनेक्शन दाखवणाऱ्या पीजी-स्टॅट-ॲक्टिव्हिटीमध्ये जुन्या युजरचं एकही कनेक्शन उरलं नाही हे बघा आणि जुन्याला नो-लॉगिन करा, म्हणजे त्याचं लॉगिन बंद होईल. तो लगेच ड्रॉप करायला जाऊ नका. टेबलं त्याच्या मालकीची असतील तर पोस्टग्रेस ते करूच देणार नाही.

यानंतर फाइलीकडे वळा. गिटइग्नोरमध्ये (गिटने दुर्लक्ष करायच्या फाइलींच्या यादीत) नाव घातलं की काम झालं असं वाटतं, पण गिट ज्या फाइलीवर आधीपासून लक्ष ठेवून आहे तिला ते लागू होत नाही. तिच्यासाठी ‘गिट आरएम’ ही कमांड कॅश्ड पर्यायासह चालवा. फाइल डिस्कवर राहील, रिपॉझिटरीतून जाईल. सर्व्हरवर तिची परवानगी ६०० (फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी) ठेवा आणि मालक म्हणून ॲपचाच युजर द्या. रिपॉझिटरीत एक नमुना फाइल ठेवा. तिच्यात सगळ्या सेटिंगची नावं असावीत, खऱ्या व्हॅल्यू नसाव्यात. जुना इतिहास पुसायचा असेल तर ‘गिट फिल्टर-रेपो’ वापरा, पण त्यानंतर सगळ्यांनी नव्याने क्लोन करायलाच हवं. एकाने जुन्या क्लोनवरून पुश केलं की पुसलेलं सगळं परत येतं.

प्रश्न : डॉट-ईएनव्ही या सेटिंगच्या फाइलीत डीबगपुढे (चुका शोधण्यासाठी जास्तीची माहिती दाखवणाऱ्या सोयीपुढे) ‘फॉल्स’ लिहिलं, ‘डॉकर कंपोज रीस्टार्ट’ केलं, तरी डीबग चालूच आहे. ॲप पायथनमध्ये आहे. चूक कुठे शोधावी?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : व्हॅल्यू प्रोसेसपर्यंत पोहोचली का हे आधी बघा, ती कशी वाचली जाते ते नंतर. तुमच्याकडे बहुधा दोन्हीकडे घोळ आहे.

रीस्टार्ट तोच कंटेनर (डॉकर ज्या बंदिस्त जागेत ॲप चालवतं ती) थांबवून पुन्हा चालू करतो. कंटेनरचे एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल (ॲपला बाहेरून मिळणाऱ्या सेटिंग) तो तयार झाला तेव्हाच ठरलेले असतात, म्हणून फाइलीतला बदल आत जात नाही. ‘डॉकर कंपोज अप’ डिटॅच पर्यायासह चालवा. सेटिंग बदलली आहे हे ओळखून कंपोज कंटेनर नव्याने बनवतं. मग ‘डॉकर कंपोज एक्झेक’, पुढे सर्व्हिसचं नाव आणि ‘ईएनव्ही’ अशी कमांड देऊन आत खरोखर काय पोहोचलं ते वाचा. त्यात पासवर्डही छापले जातात, त्यामुळे त्या स्क्रीनचा फोटो ऑफिसच्या ग्रुपवर टाकू नका. डॉकर नसेल आणि सर्व्हिस सिस्टिमडीवर (लिनक्समधल्या सर्व्हिस चालवणाऱ्या प्रोग्रामवर) चालत असेल, तर एन्व्हायर्नमेंटची फाइल बदलल्यावर साधा रीस्टार्ट पुरतो. युनिट फाइल (सर्व्हिस कशी चालवायची ते सांगणारी) बदलली असेल तर आधी डीमन-रीलोड लागतो.

आता वाचण्याचा भाग. एन्व्हायर्नमेंटमधून येणारी प्रत्येक व्हॅल्यू ही नुसती अक्षरं असतात. पायथनमध्ये खरं-खोटं ठरवणाऱ्या बूलला ‘फॉल्स’ ही अक्षरं दिली की उत्तर ‘ट्रू’ येतं, कारण स्ट्रिंग, म्हणजे ती अक्षरं, रिकामी नाही. जावास्क्रिप्टमध्येही तेच. म्हणून बूल वापरू नका. आजूबाजूच्या मोकळ्या जागा काढा, अक्षरं लहान लिपीत आणा, ‘ट्रू’, ‘१’, ‘येस’ असेल तर चालू आणि ‘फॉल्स’, ‘०’, ‘नो’ असेल तर बंद धरा. यांखेरीज काहीही आलं तर ॲप सुरूच होऊ देऊ नका आणि कोणत्या सेटिंगमध्ये काय आलं ते एररमध्ये नावानिशी छापा. पासवर्डच्या बाबतीत मात्र फक्त नाव छापा. ही तपासणी सुरुवातीलाच, सगळ्या सेटिंगची एकदम व्हावी असा आमचा आग्रह आहे. दुपारी पहिला ग्राहक पावती काढायला गेल्यावर एसएमएस पाठवण्याची गुप्त की (‘एपीआय की’) भरलेलीच नाही हे कळण्यापेक्षा सकाळी ॲप सुरूच न झालेलं परवडतं.

याच फाइलीत आणखी काही गोष्टी छळतात. कंपोज व्हॅल्यूभोवतीची अवतरणचिन्हं काढून टाकतं, पण साध्या ‘डॉकर रन’ला ईएनव्ही-फाइल दिली तर ती व्हॅल्यूचाच भाग होतात. एका ठिकाणी चालणारा पासवर्ड दुसरीकडे नाकारला जातो तो यामुळे. पासवर्डमध्ये डॉलरचं चिन्ह असेल तर कंपोज पुढच्या अक्षरांना व्हेरिएबलचं नाव समजतं. डॉट-ईएनव्हीमध्ये एकेरी अवतरणात लिहिलं की ते थांबतं. फाइल विंडोजवर सेव्ह झाली असेल तर प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारं कॅरेज रिटर्न चिकटतं. ‘कॅट’ ही कमांड कॅपिटल ए पर्यायासह चालवा. ओळीच्या शेवटी डॉलरच्या आधी टोपीचं चिन्ह आणि एम दिसला, तर ‘डॉस-टू-युनिक्स’ने फाइल साफ करा.

प्रश्न : शाखांची माहिती यामल फाइलीत (सेटिंग लिहायच्या एका मजकूर-स्वरूपात) ठेवतो. मुंबईचा एसटीडी कोड स्क्रीनवर १८ दिसतो आणि पुण्याचा १६. पणजीचा मात्र बरोबर येतो! बॅकअपची वेळही भलतीच दाखवतो.
— एक वाचक, पणजी

उत्तर : तुम्ही यामल वाचणारी पायथनची पाययामल ही लायब्ररी वापरत असणार. ती यामलच्या १.१ आवृत्तीचे नियम पाळते. त्यात शून्याने सुरू होणारा आणि ० ते ७ एवढेच अंक असलेला आकडा अष्टमान (दहाऐवजी आठाच्या पटीत मोजण्याच्या) पद्धतीचा धरला जातो. ०२२ म्हणजे दोन आठे आणि दोन, एकूण १८. ०२० म्हणजे १६. याच हिशेबाने नाशिकचा ०२५३ हा १७१ होईल आणि नागपूरचा ०७१२ हा ४५८. पणजीच्या ०८३२ मध्ये ८ आहे, तो अष्टमानात बसत नाही, म्हणून तो अक्षरं म्हणून सुखरूप राहतो. वेळेचं तसंच. २२:३० ही साठमानातली संख्या समजून १३५० होते, पण ०९:३० शून्याने सुरू होत असल्याने तशीच राहते. निम्म्या नोंदी बरोबर दिसतात, म्हणून चूक लवकर सापडत नाही.

कोड, वेळ, फोन नंबर, आवृत्ती क्रमांक हे सगळं अवतरणचिन्हांत लिहा. आवृत्ती १.१० उघडी लिहिली तर १.१ होते. ‘नो’, ‘ऑन’, ‘ऑफ’ हे शब्दही अवतरणात हवेत, नाहीतर त्यांचं ट्रू किंवा फॉल्स होतं.

प्रश्न : एक जुनी सेटिंग कुणी वापरत नाही. तेच नाव नव्या सोयीसाठी घेतलं तर चालेल?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : नका घेऊ. अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीने हेच केलं होतं. जुन्या, वापरातून गेलेल्या सोयीचा फ्लॅग (चालू-बंद करणारी सेटिंग) नव्या कोडसाठी घेतला. नवा कोड आठपैकी सात सर्व्हरवर गेला, एक राहिला. १ ऑगस्ट २०१२ रोजी सकाळी बाजार उघडला आणि त्या आठव्या सर्व्हरवर त्याच फ्लॅगने जुना कोड जागा झाला. सुमारे ४५ मिनिटं नको त्या ऑर्डरी जात राहिल्या. नुकसान ४६ कोटी डॉलरांच्या वर गेलं.

नव्या सोयीला नवं नाव द्या. जुनं नाव एन्व्हायर्नमेंटमध्ये सापडलं तर सुरुवातीलाच लॉगमध्ये इशारा येईल अशी एक ओळ घाला. सगळ्या सर्व्हरवरून ते नाव गेलं की जुना कोड काढून टाका, नुसता झाकून ठेवू नका. नवी सोय बंद अवस्थेत सगळ्या सर्व्हरवर पाठवा, प्रत्येकावर आवृत्ती तपासा आणि मगच सेटिंग चालू करा, तीही आधी एकाच सर्व्हरवर.