अपडेट टाळू नकोस, आधी लायसन्स तपास

स्क्रीनच्या कोपऱ्यात 'ॲक्टिव्हेट विंडोज' असं पुसट दिसतंय म्हणून अपडेट बंद करून ठेवू नकोस. ॲक्टिव्हेशन, म्हणजे विंडोजचं लायसन्स खरं असल्याची पडताळणी, नसलं तरी सुरक्षेचे अपडेट येतात. वॉलपेपर, रंग वगैरे सेटिंग्जमधून बदलता येत नाहीत, एवढंच.

सेटिंग्ज, सिस्टिम, ॲक्टिव्हेशन इथे जाऊन बघ. 'डिजिटल लायसन्स' लिहिलं असेल तर ते मशीनच्या हार्डवेअरशी, मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं. रॅम वाढवून सहसा काही बिघडत नाही, पण मदरबोर्ड बदलला की विंडोज ओळखच विसरतं. म्हणून आधीच लायसन्स मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून ठेव. नंतर तिथलाच ट्रबलशूटर, म्हणजे अडचण शोधून सोडवणारं साधन, चालवता येतो. मशीनसोबत आलेलं लायसन्स मात्र त्या मशीनपुरतंच.

लायसन्स न घेताच विंडोज चालू करून देणारे फुकटचे ॲक्टिव्हेटर? 'अँटीव्हायरस बंद करा' म्हणणारी फाइल चालवायची आणि मग सुरक्षेची चिंता करायची, धन्य आहे!

मोठ्या अपडेटआधी बॅकअप घे. बिटलॉकर (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर 48 अंकी रिकव्हरी की कागदावर उतरव, त्याच लॅपटॉपमध्ये नको. अपडेटची टक्केवारी अडकली तरी पॉवर बटणाला हात लावू नकोस. मी एकदा लावला होता; रात्र पेन ड्राइव्हवरून विंडोज परत टाकण्यात गेली.