कयाक उलटली तर फोन कुणाकडे राहील?

तुम्ही विचारलंय की बामणोलीला शिवसागरात, म्हणजे कोयनेच्या जलाशयात, कयाकचा हात बसलाय, आता डिसेंबरात देवबागहून भोगव्यापर्यंत समुद्रातून जायचंय, तर फोन, व्हीएचएफ वायरलेस (हातात धरायचा सागरी रेडिओ) आणि पीएलबी (फक्त संकटाची हाक पाठवणारं छोटं यंत्र) मागच्या हॅचमध्ये, म्हणजे झाकणाच्या कप्प्यात, ड्राय बॅगेत टाकावं का? नका टाकू, कळकळीनं सांगतो. मदत मागायची प्रत्येक वस्तू अंगावर हवी, म्हणजे लाइफ जॅकेटवर.

मीही साताऱ्याचाच. जानेवारीतल्या एका दुपारी बामणोलीला सरावासाठी मुद्दाम कयाक उलटी केली. हातातून वल्हं सुटलं, ते धरायला चार हात मारले आणि वळून बघतो तर कयाक वीसेक फूट लांब. रिकामी कयाक वाऱ्यावर अशी पळते की जॅकेट घालून पोहणाऱ्याला ती सापडत नाही. फोन तिच्यातच होता, छान कोरडा. सोबतचा मित्र होडी घेऊन जवळ होता म्हणून निभावलं. तुम्ही पहाटे निघणार, तेव्हा मतलई वारा असतो, जमिनीकडून समुद्राकडे. कयाक सुटली तर आत समुद्रातच जाणार.

वायरलेस छातीवरच्या वरच्या खिशात ठेवा, अँटेना खांद्याकडे. पाण्यात तरंगताना आपलं डोकं आणि खांदेच काय ते वर राहतात. अँटेना पाण्यात बुडाली की बोलणं संपलं. पाच वॅटचा सेट असला तरी लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे पाण्यालगत बसलेल्या दोघांत थोडेच किलोमीटर पल्ला मिळतो. संकटाचं चॅनल १६. सेट जॅकेटला दोरीनं बांधा, तोंडापाशी येईल इतक्याच लांबीची. जास्त लांब दोरी वल्ह्यात अडकते. सेट तरंगणारा आहे म्हणून मोकळा ठेवू नका, तो तरंगतच निघून जाईल. डेकवर होकायंत्राशेजारीही नको, स्पीकरच्या चुंबकानं सुई फिरते.

पीएलबी दुसऱ्या खिशात. त्याची ४०६ मेगाहर्ट्झची हाक कॉस्पास-सारसॅट या शोध-बचाव यंत्रणेच्या उपग्रहांमार्फत जाते आणि तिचं भारतातलं केंद्र बंगळुरूला आहे. अँटेना उघडून आकाशाकडे धरावी लागते, म्हणून तो एका हातानं निघाला पाहिजे. नोंदणी आधीच करून ठेवा. वायरलेसच्या परवान्याचंही आधीच बघा. उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र मात्र कुणी परदेशातून आणून देतो म्हटलं तरी घेऊ नका. आपल्याकडे परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन किंवा तसलं यंत्र बाळगणं गुन्हा आहे. २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी महिलेवर त्यावरूनच कारवाई झाली.

फोन पारदर्शक पाऊचमध्ये, जॅकेटच्या आत गळ्यात. तटरक्षक दलाचा १५५४ आणि ११२ सेव्ह असू द्या, पण त्याच्यावरच विसंबू नका. पाऊचवर पाणी असलं की स्क्रीन बोट ओळखत नाही, आणि रेंज जाते म्हणजे काय हे कांदाटी खोऱ्यात फिरलेल्याला वेगळं सांगायला नको. शिट्टी खांद्याच्या पट्ट्याला. हॅचमध्ये काय जाईल? पॉवर बँक, जादा बॅटरी, कपडे.

आता सराव. हे सगळं घालून शिवसागरात उतरा आणि डोळे मिटून, फक्त डाव्या हातानं सेट काढा, तोंडापाशी न्या, परत ठेवा, चेन लावा. बोलायचं बटण दाबू नका. दहा वेळा झालं की उजव्या हातानं. मग भरल्या खिशांनिशी कयाकवर परत चढा. माझ्या सेटची क्लिप पहिल्याच खेपेला कॉकपिटच्या (बसायच्या जागेच्या) काठात अडकून तुटली, कारण पोटावर सरकत चढताना सगळा भार नेमका त्याच खिशावर येतो. तेव्हापासून मी सेट मधोमध न ठेवता बगलेच्या बाजूला, वर ठेवतो. तुमच्या जॅकेटवर ती जागा कुठली, हे पाण्यात चढून बघितल्यावरच कळेल.