बेसिक (लॅबमधलं) आणि क्लिनिकल (पेशंटशी जोडलेलं) न्यूरोसायन्स, म्हणजे मेंदूविज्ञान, यांची एकत्र मीटिंग असते, गोव्यातल्या बांबोळीच्या मेडिकल स्टुडंटने जावं का?

जा की, बिनधास्त. वॉर्डात पार्किन्सनचा पेशंट बघताना थरथरणारा हात, अडखळणारी पावलं एवढंच दिसतं, पण त्याचं औषध आलं कुठून बघा, 1957 मध्ये कार्लसन या शास्त्रज्ञाने रेसर्पिन या औषधाने निपचित पडलेल्या सशांना एल-डोपा (मेंदूत ज्याचं डोपामिन हे संदेश वाहणारं रसायन बनतं) टोचलं आणि ते परत हलायला लागले, मग 1960 ला व्हिएन्नात हॉर्निकिविच या शास्त्रज्ञाने दाखवलं की पार्किन्सनने गेलेल्या पेशंटांच्या मेंदूत डोपामिन फारच कमी होतं, आणि 1961 मध्ये तिथंच पेशंटना एल-डोपाचं इंजेक्शन दिलं गेलं. लॅबवाले आणि डॉक्टर एका हॉलमध्ये बसायलाच हवेत ते यासाठी. सगळी लेक्चर्स कळणार नाहीत, चालतं. पोस्टर सेशन मात्र चुकवू नका, तिथं पोस्टरपाशी उभ्या पीएचडीवाल्याला थेट विचारता येतं, झुआरीनगरच्या बिट्स पिलानी कॅम्पसचे बायोलॉजीवाले भेटले तर ओळख करून घ्याच.